एरर नाही, ओळीही नाहीत

लासलगावच्या बाजार समितीत आज कांद्याची आवक किती झाली आणि भाव काय निघाला, हे रोज जाहीर होते. राज्य कृषी पणन मंडळाच्या तक्त्यात तारीख, बाजार समिती, वाण, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे रकाने असतात. नाशिकच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प निवडायची वेळ आली, की कोणी ना कोणी या तक्त्याकडे वळणे अगदी साहजिक आहे. वर्षभराच्या ओळी एका सीएसव्ही फाईलमध्ये घ्यायच्या, पायथॉनमधून ती उघडायची, पहिल्या लूपमध्ये ओळी मोजायच्या आणि दुसऱ्या लूपमध्ये आवकेची बेरीज करायची. पहिल्या लूपचे उत्तर बरोबर येते. दुसऱ्याचे येते शून्य.

म्हणजे आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून जिचे नाव घेतले जाते, तिथे प्रोग्रॅमच्या मते वर्षभरात एक क्विंटलही कांदा उतरला नाही.

पडद्यावर लाल अक्षरे उमटत नाहीत. प्रोग्रॅम मध्येच थांबत नाही. फाईल सापडली नाही, रकान्याचे नाव चुकले, आकड्याच्या जागी अक्षर आले, अशा चुकांना पायथॉन लगेच बोट दाखवतो. ओळ क्रमांकासकट सांगतो. इथे मात्र सगळे सुरळीत पार पडते आणि उत्तर तेवढे चुकते. विद्यार्थी आधी फाईल तपासतो, मग बेरजेचे सूत्र, मग मित्राचा लॅपटॉप. चूक यांपैकी कशातच नसते. ती इटरेटर नावाच्या वस्तूबद्दलच्या समजुतीत असते, आणि ती समजूत दुरुस्त करणारे वाक्य डॉक्युमेंटेशनमध्ये भलत्याच पानावर असते. पुढची पाने अशा वाक्यांबद्दल आहेत: स्टँडर्ड लायब्ररीतला इटरेटर कसा वागतो, कसा वागेन असे कबूल करतो, आणि ती कबुली कुठे व कशी लिहून ठेवलेली असते.

इटरेटर समजायला लासलगावच्या आवारापलीकडे जायची गरज नाही. सकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि पिकअप रांगेने उभ्या राहतात. लिलाव पुकारणारा आणि व्यापाऱ्यांचा घोळका एका वाहनापाशी थांबतो, बोली लागते, भाव ठरतो, घोळका पुढच्या वाहनाकडे सरकतो. रांग म्हणजे लिस्ट. घोळका म्हणजे इटरेटर. घोळक्याला आपण कुठवर आलो आणि पुढचे वाहन कोणते एवढेच कळते. मागे वळण्याची सोय त्याच्यात नाही. रांग तिथेच उभी असेल तर दुसरा घोळका पुन्हा पहिल्या वाहनापासून सुरुवात करू शकतो, आणि पायथॉनमध्ये लिस्टवर दुसऱ्यांदा लूप लावला की नेमके हेच घडते: दर वेळी नवा इटरेटर तयार होतो. उघडलेल्या फाईलचे तसे नसते. तिथे रांग आणि घोळका एकच. फाईल स्वतःच स्वतःची इटरेटर असते, आणि तिच्यावर बसवलेला सीएसव्ही रीडरही तसाच. पहिल्या लूपने शेवट गाठला की दुसऱ्या लूपला नवा इटरेटर मिळत नाही, तोच संपलेला मिळतो. त्याला पुढची ओळ मागितली की तो ‘संपले’ म्हणतो, आणि लूप एकदाही न फिरता बाहेर पडतो.

‘संपले’ हे सांगण्याची पायथॉनची रीत म्हणजे स्टॉपइटरेशन नावाचा अपवाद. लूप तो आतल्या आत पकडतो आणि वापरणाऱ्याला कळूही देत नाही. ही सोयही आहे आणि सगळ्या भानगडीचे मूळही तेच आहे. संपलेल्या इटरेटरची बेरीज शून्य येते, कारण काहीच नसलेल्याची बेरीज शून्यच असते. त्याहून बेरकी प्रकार ‘ऑल’ या फंक्शनचा. सर्व दर शून्याहून जास्त आहेत का, असे संपलेल्या इटरेटरला विचारले तर उत्तर येते: होय. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. रिकाम्या यादीतल्या सर्वांबद्दल काहीही म्हटले तरी ते खरेच ठरते. पण माहितीची तपासणी म्हणून ज्याने तो प्रश्न टाकला, त्याला एकही ओळ न पाहता पास झाल्याचा दाखला मिळालेला असतो. आणि ‘या यादीत पिंपळगाव बसवंत आहे का?’ असा साधा प्रश्न ‘इन’ वापरून इटरेटरला विचारला, तर तो शोधता शोधता पिंपळगावपर्यंतच्या सगळ्या ओळी खाऊन टाकतो. प्रश्न विचारल्याने माहिती घटते, हे नवशिक्याच्या कल्पनेतही येत नाही. यायचे कारणही नाही.

ही कल्पना पायथॉनची स्वतःची नव्हे. १९७०च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी क्लू नावाची भाषा घडवली. तिच्यात इटरेटर हा भाषेचाच भाग होता, आणि एकेक मूल्य बाहेर देण्यासाठी ‘यील्ड’ हा शब्दही तिथे होता. आज पायथॉन शिकणारा प्रत्येक जण तो टाईप करतो. लिस्कोव्ह यांना २००८ सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. क्लूमागचा आग्रह असा होता की संग्रहाच्या आत माहिती कशी रचली आहे हे वापरणाऱ्याला ठाऊक नसतानाही त्याला तिच्यातून एकेक घटक घेता यावा. एकदा आतले दिसेनासे केले, की बाहेर काय लिहून दिले आहे त्यावरच सगळी भिस्त येते. इटरेटर आणि त्याचे डॉक्युमेंटेशन यांची गाठ तिथेच पडली.

पायथॉनमध्ये इटरेटर औपचारिकपणे आले ते २००१च्या डिसेंबरात, २.२ या आवृत्तीत. त्याआधी लूप शून्य, एक, दोन असे क्रमांक देत घटक मागायचा आणि क्रमांक हद्दीबाहेर गेला की थांबायचा. ज्याला क्रमांकच नाहीत अशा वस्तूवर, उदाहरणार्थ डिक्शनरीवर, थेट लूप लावता येत नसे. का-पिंग यी आणि भाषेचे जनक गिदो व्हॅन रॉसम यांनी २००१मध्ये लिहिलेला २३४ क्रमांकाचा प्रस्ताव या बदलाचा पाया. तो आजही वाचण्यासारखा आहे, कारण वाद कुठे झाले हे त्यात मोकळेपणाने नोंदवले आहे. एक प्रश्न असा होता: इटरेटरने एकदा ‘संपले’ म्हटल्यावर, पुन्हा विचारले तर त्याने पुन्हा ‘संपले’च म्हटले पाहिजे का? ठरले की म्हटले पाहिजे. पण त्याच मजकुरात पुढे टीप आहे की २.२ आवृत्तीत हे प्रत्यक्षात पाळले गेले नाही, २.३मध्ये ते दुरुस्त झाले. कागदावरची कबुली आधी आली, कोड मागून आला. हा क्रम अपघाती असला तरी योग्य होता. कबुली लिहिलेली होती म्हणूनच कोड चुकला आहे असे म्हणता आले. ती नसती तर जे घडते तेच बरोबर मानले गेले असते.

आजच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हा नियम कडक शब्दांत आहे: जो इटरेटर एकदा संपल्यावर पुन्हा मूल्य देऊ लागतो तो मोडका समजावा. आता गंमत पाहा. फाईल शेवटपर्यंत वाचून झाल्यावर तिला सीक वापरून पुन्हा सुरुवातीला नेले, की तीच फाईल पुन्हा ओळी देऊ लागते. अगदी नियमाला धरून बोलायचे तर पायथॉनमधली रोज वापरली जाणारी ही वस्तू मोडक्यांच्या यादीत जाते. कोणी तक्रार करत नाही, कारण ही सोय सगळ्यांनाच हवी असते. सोयीचे मोलही मात्र द्यावे लागते. लासलगावची फाईल डिक्टरीडर या सीएसव्ही रीडरने वाचली, संपल्यावर फाईल सुरुवातीला नेली आणि तोच रीडर पुन्हा चालवला, तर रकान्यांची नावे असलेली पहिली ओळ या खेपेला माहितीची ओळ म्हणून हाती पडते. रकान्यांची नावे रीडरने पहिल्याच वेळी वाचून ठेवलेली असतात, ती तो पुन्हा वाचत नाही. ‘आवक’ या रकान्यात मग ‘आवक’ हा शब्दच सापडतो. सुदैवाने शब्दाचा आकडा होत नाही आणि इथे तरी एरर येते.

चूक गप्प राहते, हा या विषयाचा गाभा आहे. पायथॉनच्या गेल्या काही आवृत्त्यांकडे त्या नजरेने पाहिले तर भाषेच्या कर्त्यांनाही हे पटत गेल्याचे दिसते. जनरेटरच्या, म्हणजे ‘यील्ड’ वापरणाऱ्या फंक्शनच्या, आत चुकून उठलेला स्टॉपइटरेशन पूर्वी लूप अर्धवट थांबवून मोकळा व्हायचा, २०१८च्या ३.७ आवृत्तीपासून त्याचा रनटाईमएरर होतो आणि प्रोग्रॅम अडतो. २०२१च्या ३.१०मध्ये दोन याद्या जोडीने लावणाऱ्या झिप या फंक्शनला ‘स्ट्रिक्ट’ ही अट आली: लांबी जुळली नाही तर एरर. ३.१३मध्ये ती घटकांचे गठ्ठे करणाऱ्या बॅच्डला मिळाली, ३.१४मध्ये मॅपला. जुना कोड मोडू नये म्हणून झिप आणि मॅपमध्ये ही अट आपणहून लागू होत नाही, मागावी लागते. म्हणजे ज्याला धोका ठाऊक आहे त्यालाच संरक्षण. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी डॉक्युमेंटेशन उरते.

झिपचा धोका नाशिक जिल्ह्याच्या आकड्यांवर लख्ख दिसतो. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत यांचे रोजचे सर्वसाधारण दर दोन याद्यांत घेतले आणि झिपने जोडीजोडीने लावले, तर तक्ता सुबक होतो. पण बाजार रोज भरत नाही. साप्ताहिक सुट्टी, सण, शिवाय बंद. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले तेव्हा जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलावच बंद ठेवले होते. दोन समित्यांचे बंद दिवस तंतोतंत सारखे असतीलच असे नाही. एका यादीत एक दिवस गळला, की तिथून पुढे लासलगावचा मंगळवार पिंपळगावच्या बुधवारशी जोडला जातो आणि वर्षअखेरपर्यंत तसाच राहतो. झिपला तारखा कळत नाहीत. आखूड यादी संपली की तो थांबतो आणि लांब यादीचे शेपूट सोडून देतो. याद्यांऐवजी इटरेटर दिलेले असतील आणि पहिला लांब असेल, तर त्याचा एक घटक काढून घेतला जातो आणि कुठेच पोहोचत नाही. नंतर तोच इटरेटर पुढे वाचायला घेतला तर मध्ये एक दिवस गायब. स्ट्रिक्ट अट लावली तर लांबीतला फरक पकडला जाईल. दोन्ही याद्यांतून वेगवेगळा एकेक दिवस गळला असेल, तर लांबी सारखीच भरते आणि स्ट्रिक्टही काही बोलत नाही. तिथे तारखेवरूनच जोडी लावावी लागते. झिप हे त्या कामाचे हत्यारच नव्हे. चांगल्या डॉक्युमेंटेशनने हेही सांगायला हवे, की ही वस्तू कशासाठी नाही.

ग्रुपबायचे प्रकरण याहून रंगतदार. पणन मंडळाच्या तक्त्यात ‘लासलगाव’, ‘लासलगाव - निफाड’ आणि ‘लासलगाव - विंचूर’ अशी वेगवेगळी नावे येतात. तारखेच्या क्रमाने लावलेली फाईल आयटरटूल्स या मॉड्यूलमधल्या ग्रुपबायला दिली, तर अपेक्षा अशी असते की प्रत्येक नावाचा एकेक गट मिळेल. मिळतात शेकडो चिमुकले गट, कारण हे फंक्शन फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करते. नाव बदलले की गट बंद, तेच नाव पुन्हा आले की नवा गट. डेटाबेसमधली ग्रुप बाय ही आज्ञा शिकून आलेला विद्यार्थी इथे हमखास फसतो. या बाबतीत डॉक्युमेंटेशनला पूर्ण गुण द्यायला हवेत: हे युनिक्समधल्या ‘युनिक’सारखे वागते, डेटाबेसच्या आज्ञेसारखे नाही, आणि आधी क्रमवारी लावून घ्यावी, असे तिथे स्वच्छ लिहिले आहे. दुसरी खोचही नोंदलेली आहे. सगळे गट एकाच मूळ इटरेटरवर जगतात. पुढच्या गटाकडे गेलात की मागचा गट रिकामा. गट आधी एका लिस्टमध्ये साठवून मग निवांत वाचू म्हणणाऱ्याच्या हाती नावे राहतात, ओळी राहत नाहीत. टी या फंक्शनने एका इटरेटरचे दोन करता येतात. मात्र त्यानंतर मूळ इटरेटरला हात लावायचा नाही, ही अटही तशीच छोट्या वाक्यात लिहिलेली आहे आणि तशीच नजरेतून सुटते.

लूप चालू असताना रांगच बदलली तर? घोळका पाचव्या ट्रॉलीपाशी असताना तीच रांगेतून काढली आणि मागच्या सगळ्या एकेक पाऊल पुढे आल्या, तर घोळका आता ‘सहाव्या’ जागेकडे जाईल आणि तिथे मुळातली सातवी उभी असेल. पायथॉनची लिस्ट अशीच वागते: कमी दराच्या नोंदी लूपमध्येच काढून टाकल्या की काढलेल्या प्रत्येकीच्या शेजारची नोंद तपासणीतून सुटते. एरर नाही. डिक्शनरी थोडी सावध आहे. आकार बदलल्याचे लक्षात आले की ती रनटाईमएरर देते. पण डॉक्युमेंटेशनमधले शब्द नीट पाहावेत. एरर येईल असे ते म्हणत नाही. एरर येऊ शकेल, किंवा काही नोंदी सुटू शकतील, असे म्हणते. ‘येईल’ आणि ‘येऊ शकेल’ यांतल्या अंतरात किती तरी प्रोग्रॅम बुडाले आहेत.

जावाने हे अंतर फारच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. १९९८च्या १.२ आवृत्तीत इटरेटर आला तो संग्रह मध्येच बदलला तर आरोळी ठोकणारा म्हणून. पण तिथल्या डॉक्युमेंटेशनमध्येच सूचना आहे की ही आरोळी नेहमी येईलच अशी हमी नाही, ती शक्य तितक्या प्रयत्नाने दिली जाते, आणि तिच्यावर विसंबून प्रोग्रॅम लिहिणे चूक आहे. आपल्याच सोयीवर विसंबू नका असे सांगणारे डॉक्युमेंटेशन विरळा. सी++ची तऱ्हा निराळी. अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांची लायब्ररी १९९४मध्ये मानकासाठी स्वीकारली गेली, तेव्हापासून तिथे कोणती क्रिया कोणते इटरेटर बाद करते याचे नियम संग्रहागणिक लिहिलेले असतात. व्हेक्टरमध्ये शेवटी एक घटक घातला आणि जागा अपुरी पडून सगळे दुसरीकडे हलवावे लागले, तर हाती असलेला प्रत्येक इटरेटर बाद होतो. लिस्टमध्ये तोच घटक घाला, जुने इटरेटर शाबूत. हे न वाचता सी++ लिहिणाऱ्याला एरर नव्हे, काहीही मिळू शकते.

संपण्याच्या प्रश्नावर रस्टने पायथॉनच्या उलट निकाल दिला. तिथे इटरेटरने एकदा ‘काही नाही’ म्हटल्यावरही तो पुन्हा मूल्य देऊ शकतो, आणि तसे स्पष्ट लिहिलेले आहे. कायम संपलेलाच राहील असा इटरेटर हवा असेल तर ‘फ्यूज’ लावून घ्यावा. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांनी निर्णय घेतला आणि लिहून ठेवला, हे महत्त्वाचे.

लिहिलेले नसते तेव्हा काय होते याचा उत्तम नमुना म्हणजे क्रम. पायथॉनच्या ३.६ आवृत्तीत डिक्शनरीची आतली रचना बदलली आणि तिच्यातल्या नोंदी घातलेल्या क्रमाने बाहेर येऊ लागल्या. कर्त्यांनी बजावले की हा अंमलबजावणीचा तपशील आहे, यावर विसंबू नका. लोक विसंबले. ३.७मध्ये तोच क्रम भाषेची हमी म्हणून जाहीर करावा लागला. गूगलमध्ये काम केलेले अभियंते हायरम राईट यांच्या नावाने एक नियम सांगितला जातो, तो हाच: वापरणारे पुरेसे झाले की तुम्ही काय कबूल केले याला अर्थ उरत नाही, बाहेरून जे जे दिसते त्या प्रत्येकावर कोणी ना कोणी विसंबलेला असतो. गो भाषेच्या मंडळींनी यावर जालीम उपाय काढला. २०१२च्या पहिल्या अधिकृत आवृत्तीपासून तिथे मॅपवरच्या, म्हणजे गोच्या डिक्शनरीवरच्या, लूपचा क्रम मुद्दाम बेभरवशाचा ठेवलेला आहे. तोच मॅप, तोच प्रोग्रॅम, दोनदा चालवला तर क्रम निराळा येऊ शकतो. कबूल न केलेल्या गोष्टीवर कोणी विसंबू नये यासाठी ती गोष्ट टिकूच द्यायची नाही. थोडे क्रूर वाटते, पण इथे वागणेच डॉक्युमेंटेशनचे काम करते.

त्याच गोने २०२४च्या ऑगस्टमध्ये १.२३ आवृत्तीत इटरेटरसाठी वेगळे पॅकेज आणले, आणि त्यात या पानांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट आहे. बहुतेक इटरेटर पुन्हा पहिल्यापासून चालवता येतात. जे एकदाच चालतात त्यांना तिथे वेगळे नाव दिले आहे, आणि असा इटरेटर देणारे फंक्शन लिहिणाऱ्याने ते एकदाच चालते असे वर्णनात नमूद करावे, असा संकेत घालून दिला आहे. पायथॉनमध्ये असा संकेत नाही. सीएसव्ही रीडरच्या पानावर ‘हा एकदाच चालतो’ असे ठसठशीत वाक्य सापडत नाही. पुढची ओळ देण्याच्या वर्णनावरून वाचकाने ते ताडायचे. खरे उत्तर आहे ते शब्दसूचीत, इटरेटर या नोंदीखाली: लिस्टवर दर वेळी नवा इटरेटर मिळतो, इटरेटरवर पुन्हा लूप लावला तर तोच संपलेला इटरेटर मिळतो आणि तो रिकाम्या डब्यासारखा दिसतो. वाक्य नेमके आहे. जागा चुकली आहे. ज्याची बेरीज शून्य आली तो शब्दसूची उघडत नाही.

तक्रारीबरोबर श्रेयही द्यायला हवे. २००३च्या २.३ आवृत्तीत रेमंड हेटिंगर यांचे आयटरटूल्स हे मॉड्यूल आले. त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्ये बहुतेक फंक्शनांच्या वर्णनासोबत ‘साधारण याच्या बरोबरीचे’ म्हणून साध्या पायथॉनमधला काही ओळींचा कोड दिलेला असतो. खरे फंक्शन सीमध्ये लिहिलेले. पण त्याचे वागणे हा छोटा कोड वाचून कळते. कोणत्या क्षणी पुढचा घटक ओढला जातो, संपल्यावर काय होते, हे चार परिच्छेदांत सांगूनही जे निसटते ते सहा ओळींत दिसते. टिम पीटर्स यांचे डॉकटेस्ट हे मॉड्यूल त्याहून एक पाऊल पुढचे: डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणे तेच चालवून पाहते आणि लिहिलेले उत्तर व आलेले उत्तर जुळते का ते तपासते. स्टँडर्ड लायब्ररीतल्या वस्तूंचे वागणे आवृत्तीगणिक थोडे थोडे सरकत असते. न तपासलेले उदाहरण वर्षा-दोन वर्षांत खोटे पडू शकते, आणि खोटे पडल्याचे कोणाला कळतही नाही.

हे सगळे इंग्रजीत आहे. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनचे अधिकृत अनुवाद कसे प्रसिद्ध करावेत याचा प्रस्ताव २०१७मध्ये आला आणि जपानी, फ्रेंच, कोरियन वाचकांना आपल्या भाषेतली पाने मिळाली. इकडे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१-२२पासून भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मुभा दिली, आणि पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगने संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू केले. नाशिकला तर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९पासून आहे. मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी नोकरी, शेती, घर सांभाळून शिकतो. रोज समोर शिक्षक नसतो, पुस्तक असते. म्हणून स्वयं-अध्ययनाच्या पुस्तकात शंका आधीच ओळखून तिचे उत्तर त्याच पानावर द्यावे लागते. लायब्ररीचे डॉक्युमेंटेशन वाचणारा प्रत्येक जण त्याच स्थितीत असतो, मग तो कळवणचा असो की कॅलिफोर्नियाचा. विचारायला शेजारी कोणी नाही असे गृहीत धरून लिहिण्याची शिस्त या शहराला नवी नाही. ती संगणकाच्या विषयाकडे वळवायची आहे.

म्हणून पुढच्या पानांत प्रत्येक इटरेटरला तेच ते प्रश्न विचारले आहेत. तो पुन्हा चालतो की एकदाच? संपल्यावर पुन्हा विचारले तर? मूळ संग्रह मध्येच बदलला तर? क्रमाची हमी आहे की तो योगायोग? दुसरे कोणी त्याच इटरेटरमधून घटक काढत असेल तर? डॉक्युमेंटेशनने जिथे कबूल केले आहे तिथे ती कबुली सांगितली आहे. जिथे फक्त वागणे दिसते पण हमी नाही, तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे. काही फंक्शने दोन ओळींत आटोपली आहेत, कारण त्यांच्यात खोच नाही. झिप, ग्रुपबाय, टी आणि फाईल यांना बरीच पाने गेली आहेत.

शिकवणाऱ्यांना एक विनंती. प्रात्यक्षिकाच्या तोंडी परीक्षेत इटरेटरची व्याख्या विचारू नये. ती पाठ असते. विद्यार्थ्याने लिहिलेला लूप त्याच्यासमोर दुसऱ्यांदा चालवावा आणि काय येईल ते आधी सांगायला लावावे. आणि वाचकाने उदाहरणे नुसती वाचू नयेत, आपल्या तालुक्याच्या बाजार समितीचे आकडे घेऊन स्वतः चालवावीत. त्यासाठी संगणकावर पायथॉनची ३.१० किंवा पुढची आवृत्ती लागेल. झिपची स्ट्रिक्ट अट त्याआधीच्या आवृत्त्यांत नाही.